मोत्याची पूड आणि बिनलेबलची डबी

शहाबादी फरशीच्या तुकड्यावर आम्ल टाकलं की बुडबुडे येतात, हा प्रयोग आम्ही दरवर्षी वर्गात करून दाखवतो. गेल्या वर्षी तो करत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाजी, मोती पण असाच फसफसतो का? आमच्या घरी मोत्याची पावडर आहे. आपाच्या लग्नासाठी आणली आहे."

दुसऱ्या दिवशी तिने दोन वस्तू आणल्या. एक कागदाची पुडी, आत पांढरी शुभ्र पूड. दुसरी प्लास्टिकची छोटी डबी, आत फिकट करडी क्रीम. पुडी हैदराबादहून कुणी नातेवाइकाने आणलेली, तर डबी एका पार्लरवाल्या बाईकडून घेतलेली. "ही मोत्याची घरगुती क्रीम आहे, यात केमिकल काही नाही," असं सांगून ती विकली गेली होती. डबीवर कंपनीचं नाव नाही, तारीख नाही, काहीच नाही. निकाह सात आठवड्यांवर आला होता आणि आपा रोज सकाळी पुडीतली पूड गुलाबपाण्यात कालवून लावत होती, रात्री डबीतली क्रीम.

या दोन वस्तूंबद्दलच आज लिहायचं आहे. दोन्हींचं नाव "मोती", पण एकीने फारसं काही बिघडत नाही आणि दुसरी किडनीपर्यंत जाऊ शकते. आपल्या घरांमधून दोन्ही एकाच ताटात ठेवल्या जातात, अडचण तिथे आहे.

आधी पुडीचं बघू. मोत्याबद्दल आपल्या लोकांना ओढ वाटणं साहजिक आहे. सूरह रहमानमध्ये मोती आणि पोवळ्यांचा उल्लेख अल्लाहच्या नेमतींमध्ये येतो. आपलं बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं आणि निजामांच्या काळापासून हैदराबाद मोत्यांचा बाजार म्हणून ओळखलं जातं. तिथे समुद्रातून काही निघत नाही. पूर्वी माल इराणच्या आखातातून यायचा, म्हणून "बसऱ्याचे मोती" हा शब्द अजून आपल्या आजी-नानींच्या तोंडी आहे. आजही मराठवाड्यातली कित्येक कुटुंबं लग्नाच्या खरेदीला चारमिनारकडे जातात. त्या खरेदीत मोत्यांच्या हाराबरोबर अशी एखादी पुडी येणं नवल नाही.

युनानी हिकमतीतही मोती आहे. तिथे त्याला मरवारीद म्हणतात. हकीम लोक न टोचलेला मोती घेत, त्याला "नासुफ्ता" असा शब्द आहे. संग-ए-समाकच्या कठीण खलात गुलाबाच्या अर्कासोबत तो दिवसच्या दिवस खलला जाई. आयुर्वेदातली मुक्तापिष्टीसुद्धा गुलाबजलातच खलतात. पण हे खलणं कशासाठी होतं? खमीरा मरवारीद हे पोटात घ्यायचं औषध, दिलाच्या कमजोरीवर दिलं जाणारं. मोती सुरम्यातही पडत असे. चेहरा गोरा करण्याचा लेप ही त्याची मुख्य ओळख आपल्याकडे नव्हती. चेहऱ्यासाठी आपल्याकडे उबटन होतं. बेसन, हळद, चंदन, थोडं तेल. मोत्याची पूड चेहऱ्याला लावण्याचा रिवाज जुना आहे तो चीनमध्ये. अलीकडे तो मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून आपल्या स्वयंपाकघरात आला आणि येताना "नानीचा नुस्खा" असं नाव घेऊन आला. आमच्या नानीने मोती पाहिले असतील ते दुसऱ्याच्या गळ्यात. वाटून चेहऱ्याला लावण्याची ऐपत कुणाची होती?

आता मोती म्हणजे असतं काय, ते बघू. शिंपल्याच्या आतल्या जिवाला काही खुपलं की तो त्याभोवती एकावर एक थर चढवत जातो. हे थर ज्याचे बनतात त्याचं रासायनिक नाव कॅल्शियम कार्बोनेट. मोत्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग हाच असतो. उरलेल्यात थोडं पाणी आणि थरांना चिकटवून ठेवणारं कॉन्किओलिन नावाचं प्रथिन. कॅल्शियम कार्बोनेट आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. हंड्याच्या तळाला आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा कडक थर बसतो, त्यात मुख्यतः हेच असतं. अंड्याचं कवच, शहाबादी फरशी, संगमरवर, तिथेही हेच. (फळ्यावर लिहायचा खडू मात्र आजकाल बहुधा जिप्समचा असतो, म्हणून तो आम्लात फसफसत नाही. मुलांना हे सांगावं लागतं, नाहीतर प्रयोग चुकला म्हणतात.)

मग हंड्याचा थर मळकट आणि मोती इतका सुंदर, असं का? कारण मोत्याची चमक त्याच्या द्रव्यात नाही, रचनेत आहे. त्याचे थर अतिशय पातळ आणि एकसारखे रचलेले असतात. प्रकाश त्या थरांमधून आत जातो, परततो आणि त्या खेळातून ती आब दिसते. मोती कुटला की रचना मोडते, रचना मोडली की चमक गेली. खलात उरते ती पांढरी पूड, आणि नुसत्या डोळ्यांनी ती शिंपल्याच्या किंवा अंड्याच्या कवचाच्या पुडीपेक्षा वेगळी ओळखता येत नाही. म्हणजे मोत्याची चमक चेहऱ्यावर येईल ही जी मूळ कल्पना आहे, ती खलातच संपते. बाजारातल्या "पर्ल" म्हणवणाऱ्या मेकअपमध्ये जी झाक असते ती सहसा अभ्रकाच्या बारीक कणांची असते, मोत्याची नव्हे.

पुडीतल्या पुडीवर आम्ही मुलीसमोर लिंबाचे दोन थेंब टाकले. ती छान फसफसली. मुलगी खूश झाली, "म्हणजे असली आहे!" आम्ही सांगितलं, नाही बेटा, यावरून एवढंच कळलं की ही मैदा किंवा निव्वळ टाल्क पावडर नाही. शिंपला वाटला असता तरी असंच झालं असतं. खरा मोती कितीला मिळतो आणि ही पुडी कितीला मिळाली, याचा हिशोब घरी जाऊन अम्मीला विचार. बाजारात मोत्याच्या नावाने शिंपल्याची पूड सर्रास चालते. क्वचित मोती असला तरी तो दागिन्याच्या कामाला न आलेला, गोड्या पाण्यात शेती करून काढलेला हलका माल असतो.

त्याने त्वचेला फायदा काय? कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते कातडीच्या आत जात नाही. "त्वचेला कॅल्शियम मिळतं" या बोलण्याला अर्थ नाही. मोत्यातल्या प्रथिनांवर काही अभ्यास झाले आहेत, पण त्यासाठी प्रयोगशाळेत आम्ल वापरून ती प्रथिनं वेगळी काढतात. वाटीत गुलाबपाणी घालून चमच्याने ढवळल्यावर ती सुटी होत नाहीत. पूड तीन गोष्टी करते. चेहऱ्यावरचं तेल शोषते, मेलेली कातडी थोडी घासून काढते आणि पांढरा पातळ थर मागे ठेवते. लावल्यावर आरशात चेहरा उजळ दिसतो तो या थरामुळे आणि तेल गेल्यामुळे. मुलतानी मातीने किंवा बेसनाने बरंचसं हेच काम होतं, आणि ते किराणा दुकानात मिळतं.

नुकसान? बारीक, स्वच्छ पूड कधीमधी लावली तर फारसं नाही. तरी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, ही पूड त्याच्या उलट. रोज रोज लावल्याने कातडी कोरडी पडते, ओढल्यासारखी होते. पुटकुळ्या असतील तर घासूच नये. घरी मिक्सरमध्ये मोती किंवा शिंपला वाटण्याचे व्हिडिओ फिरतात, ते तर अजिबात करू नये. कण खडबडीत राहतात, चेहऱ्यावर बारीक ओरखडे पडतात आणि वाटताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. एका घरात तुटलेल्या माळेतले मोती मुलींनी कुटले, ते निघाले प्लास्टिकचे. हसू येतं, पण काही नकली मोत्यांच्या लेपात पूर्वी शिशाची संयुगंही वापरत, म्हणून हसून सोडण्यासारखं नाही.

आणि लिंबू. मोत्याच्या पुडीत लिंबू पिळा असं हमखास सांगितलं जातं. पूड फसफसते, लोकांना वाटतं औषध "चालू झालं". प्रत्यक्षात पुडीचा काही भाग संपतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्यातून चेहऱ्यावर लिंबाचा रस राहिला आणि बाई तशीच उन्हात गेली तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात, ते महिनोन् महिने जात नाहीत. बीडच्या एप्रिल-मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, रंग उजळायला लिंबू लावून बाहेर पडणं म्हणजे उलटाच कारभार.

पुडीचं एवढंच. आमचा जीव अडकला होता तो डबीत.

"घरगुती मोत्याची क्रीम" नावाने जे विकलं जातं त्यात अनेकदा मोती नावालाच असतो. दोन-तीन आठवड्यांत रंग खरोखर उजळला तर समजावं की काम दुसरंच कुणी करतंय. हे दुसरं कुणी बहुधा दोनपैकी एक असतं. पारा किंवा स्टेरॉइड.

पारा म्हणजे थर्मामीटरमधला चकाकणारा थेंब नव्हे, त्याचे क्षार. रसकपूर हे नाव आपल्या हकिमी आणि वैदकीच्या पुस्तकांत आहे, इंग्रजीत कॅलोमेल म्हणतात तो त्याच घरातला. आपल्या त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बनवण्यासाठी शरीरात एक विकर काम करतं. पारा त्याचं काम बंद पाडतो. रंग बनणं थांबलं की चेहरा उजळतो. म्हणूनच या क्रीमवर लोकांचा विश्वास बसतो. पण पारा चेहऱ्यावर थांबत नाही. कातडीतून रक्तात जातो, रक्तातून किडनीत साठतो. किडनीची गाळणी बिघडते, लघवीतून प्रथिनं वाहून जाऊ लागतात. लघवीला साबणासारखा फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळी पाय सुजतात. दुखत काहीच नाही, त्यामुळे महिनोन् महिने कळत नाही.

हे लांबचं नाही. २०२३ च्या सुरुवातीला आपल्याच राज्यातल्या अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एका महाविद्यालयीन मुलीने स्थानिक ब्युटिशियनकडून गोरेपणाची क्रीम घेतली. ती आवडली म्हणून तिची आई आणि बहीणही वापरू लागल्या. तिघींच्याही किडनीला त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपास केला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. एका डबीतून एका घरातल्या तिघी.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी याचा हिशोबच मांडला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण त्यांनी तपासले. त्यापैकी १५ जणांचा आजार एरवी क्वचित दिसणाऱ्या प्रकारचा होता आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं कबूल केलं. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने "ऑपरेशन सौंदर्य" नावाने दुकानांवर छापेही घातले.

अशा क्रीमचा मोठा भाग शेजारच्या देशातून येतो, आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगेतून येतो, आणि नावात बऱ्याचदा "पर्ल" असतं. खुद्द पाकिस्तान सरकारने २०१९ मध्ये ५९ क्रीमचे नमुने तपासले तेव्हा त्यातले फक्त ३ मर्यादेत बसले. डबीवरची भाषा उर्दू आहे, म्हणून वस्तू "आपली" आणि भरवशाची, असं समजण्याची चूक आपल्या समाजात होते. आम्ही स्वतः उर्दू शिकवतो, तरी सांगतो, लिपी बघून क्रीम घेऊ नका.

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालण्यास बंदी आहे. चुकून आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, त्याहून जास्त नाही. जपानच्या मिनामाता गावात पाऱ्याने झालेल्या विषबाधेची आठवण ठेवून २०१३ मध्ये मिनामाता करार झाला, त्यानेही २०२० नंतर ही मर्यादा घातली. २०२३ मध्ये ती आणखी कडक करून, प्रसाधनांत पारा २०२५ पर्यंत पूर्ण बंद करायचं ठरलं. कायदा आहे, पण घरी कालवून बिनलेबलच्या डबीत भरलेल्या क्रीमपर्यंत कायदा पोचणार कसा?

स्टेरॉइडची गोष्ट थोडक्यात. मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणायची, त्यात कोल्ड क्रीम, व्हिटॅमिन ई ची गोळी आणि चिमूटभर मोत्याची पूड कालवायची, झाली "फॉर्म्युला क्रीम". सुरुवातीला चेहरा काचेसारखा दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, पुरळ आणि लव वाढते. आणि क्रीम बंद केली की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. आमच्या पाहण्यात ती चिठ्ठीशिवाय मिळतात.

घरी बसून क्रीममधला पारा ओळखता येत नाही, पण संशय घेता येतो. क्रीम करडी किंवा पिवळसर असेल, "सोन्या-चांदीच्या दागिन्यांपासून लांब ठेवा" अशी सूचना असेल (पारा सोन्या-चांदीला धरतो), घटकांत मर्क्युरी, मर्क्युरिक, कॅलोमेल असे शब्द असतील, तर हात लावू नये. आणि ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी नाही, ती बाई कितीही ओळखीची असली तरी परत करावी. घरात तान्हं बाळ असेल तर जास्तच. पाऱ्याची वाफ होते, तो उशीला, टॉवेलला, आईच्या गालाला लागतो आणि तिथून बाळाकडे जातो.

दीनच्या बाजूनेही लोक विचारतात. सजणं मना नाही, नवरीने तर सजावंच. मसला हानीचा आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा पोहोचवणं शरीयतमध्ये जायज नाही, हा फिकहचा साधा नियम मदरशातल्या मुलांनाही ठाऊक असतो. वुझूआधी चेहऱ्यावरचा लेप नीट धुवून काढावा. बाकी बारीक मसाइल आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारावेत.

पण खरं सांगायचं तर या डबीची मागणी पार्लरमधून येत नाही, रिश्ता बघायला आलेल्या बैठकीतून येते. "लडकी अच्छी है, बस रंग जरा दबता है," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, काहींनी उच्चारलंयही. हजरत बिलाल (रजि.) यांची अजान ज्यांना प्यारी, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही ही प्रेषितांची (स.) शिकवण जे जुम्याच्या बयानात ऐकतात, त्यांच्याच घरात मुलीचा फोटो उजळ करून पाठवला जातो. उसाच्या फडात, कापसाच्या रानात उन्हाने रापलेल्या आईची मुलगी गोरी कुठून आणायची?

त्या मुलीच्या अम्मीला आम्ही शाळेत बोलावलं. आधी त्या रागावल्या. लग्न तोंडावर आलंय आणि तुम्ही क्रीम बंद करायला सांगता! अकोल्याची बातमी वाचून दाखवली तेव्हा गप्प झाल्या. आपाची लघवीची तपासणी करून घेतली. प्रथिनं नव्हती, अलहमदुलिल्लाह. ही साधी तपासणी कुठल्याही सरकारी दवाखान्यात होते. ज्यांनी अशी क्रीम महिनाभर जरी वापरली असेल त्यांनी ती करून घ्यावी आणि डॉक्टरांना क्रीमबद्दल लपवू नये. किडनीचे डॉक्टर औषधं विचारतात, क्रीम विचारायची राहून जाते.

क्रीम बंद केल्यावर दहा-बारा दिवसांत आपाचा चेहरा पहिल्यापेक्षा सावळा आणि ठिकठिकाणी लाल झाला. त्वचेच्या डॉक्टरांनी साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि धीर, एवढंच दिलं. घरात पुन्हा डबी उघडायची चर्चा झाली. आपानेच नकार दिला. मांझ्याच्या दिवशी तिला घरच्या बेसन-हळदीचं उबटन लागलं आणि निकाह ठरल्या तारखेला झाला. गालावरचे लाल डाग तेव्हा पूर्ण गेले नव्हते.

अशी डबी कचऱ्यात किंवा नालीत टाकू नये, पारा मातीत आणि पाण्यात जातो. ती प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून आमच्या प्रयोगशाळेच्या कुलपाच्या कपाटात ठेवली आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची तर वस्तू हातात हवी. पुडी मात्र आम्ही मुलीला परत दिली. तिच्या अम्मीने त्या पुडीने तांब्याचा बदना घासला, म्हणाल्या, चिंचेपेक्षा चांगला निघाला.